पत्रं, मे महिना आणि मिरग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली चार वर्षं आमच्या वाडीत (देवगड तालुका, समुद्र चालत वीस मिनिटं) मे ते मिरग (मृग नक्षत्र लागतं तो दिवस) हा काळ आम्ही परत जुन्या पद्धतीने साजरा करायला लागलोय, त्याला आम्ही "मिडसमर" म्हणतो, आणि दुसऱ्या वर्षापासून त्याची बोलावणी फक्त पोस्टाने जातात. ग्रुपवर मेसेज नाही, फोन नाही. ज्यांच्या कानावर हे जातं ते सगळे साधारण तेच तेच विचारतात, कोणी बाजारात, कोणी एसटीत, कोणी चक्क कार्डावर लिहून, म्हणून एकदाच सगळी उत्तरं इथे लिहून ठेवतेय.

जूनमध्ये तर आपल्याकडे धो धो पाऊस असतो, मग हे "मिडसमर" काय काढलंत?

नाव तिकडचं आहे, खरंय. स्वीडनमध्ये १९ ते २५ जूनमधला जो शुक्रवार येतो त्या दिवशी हा सण असतो, पानाफुलांनी मढवलेला उंच खांब उभा करतात, त्याभोवती लहानथोर फेर धरून नाचतात, हेरिंग मासा, नवे बटाटे आणि स्ट्रॉबेरी खातात, मुली सात प्रकारची फुलं उशीखाली ठेवून झोपतात म्हणजे होणारा नवरा स्वप्नात दिसतो म्हणे. स्टॉकहोमला त्या दिवसांत सूर्य साडेअठरा तास वर असतो आणि ऐन हिवाळ्यात जेमतेम सहा तास, त्यामुळे त्यांना उजेडाचं केवढं अप्रूप असेल ते समजू शकतं.

आपलं तसं नाही. २१ जूनचा आपला सगळ्यात मोठा दिवस तेरा तासांपेक्षा थोडासाच जास्त, आणि तोही ढगात जातो. आपला सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मे महिन्यात. मालवण, देवगड, रत्नागिरी या पट्ट्यात मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आणि मुंबईला १५ मेच्या आसपास दुपारी एक क्षण असा येतो की खळ्यात (अंगणात) उभ्या केलेल्या काठीला सावलीच नसते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. मी म्हणते आपल्या उन्हाळ्याचा मध्य हाच. आणि उन्हाळा संपतो मिरगाला, म्हणजे ७ किंवा ८ जूनला सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा. म्हणून आमचा सण एका दिवसाचा नाही, सावली पायाखाली गेली की सुरू आणि मिरगाची पहिली सर अंगावर घेतली की संपला.

पण पत्रानेच का बोलावता? फोन केला तर पटकन होईल ना.

पटकन होतं म्हणूनच नको. पहिल्या वर्षी आम्ही ग्रुपवरच टाकलं होतं, अंगठे भरपूर आले, "नक्की येणार" पण भरपूर, आणि माणसं आली नऊ. दुसऱ्या वर्षी कार्डं पाठवली. कार्ड आलेलं माणूस ते टाकून देत नाही, फ्रिजवर लावतं नाहीतर देवाच्या फोटोमागे खोचतं, रोज येताजाता ते दिसतं. आणि उत्तर लिहायला बसायचं म्हणजे आधी खरंच ठरवावं लागतं की जायचंय की नाही. कार्डावर "येतो" लिहिलेला माणूस येतोच, निदान आमचा अनुभव तसा आहे.

दुसरं म्हणजे वाट बघणं. माझ्या लहानपणी एप्रिल संपता संपता मुंबईहून आत्याचं पत्र यायचं की अमुक तारखेच्या रातराणीने निघतोय, स्टँडवर कोणीतरी पाठवा. त्या पत्रानंतर आमच्या घरात सगळं हलायला लागायचं, आजी तांदूळ काढायची, घावण्यांचं पीठ दळून आणायचं, पडवी सारवायची, वरच्या आढ्याला टांगलेल्या गोधड्या खाली यायच्या, आणि आम्ही पोरं रोज बोटांवर दिवस मोजायचो. पाहुणे यायच्या आधीचे ते आठ-दहा दिवस सुट्टीचाच भाग होते. आता निघताना फोन, पनवेलला फोन, कणकवलीला फोन, लोकेशन पाठवलंय बघ. माणूस दारात येतो तेव्हा त्याची वाट बघून झालेलीच नसते. मला परत हवी आहे ती ही वाट बघण्याची गोष्ट, आंबे काय बाजारात पण मिळतात.

पोस्टकार्ड अजून मिळतं का? केवढ्याला?

मिळतं. ५० पैसे, गेली वीसेक वर्षं तरी तीच किंमत आहे. निळं आंतरदेशीय अडीच रुपयांना, आणि पाकिटाला वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचं तिकीट. भारतात पोस्टकार्ड १८७९ च्या जुलैत सुरू झालं, तेव्हा पाव आण्याला होतं.

गावातल्या शाखा डाकघरात प्रत्येक वेळी कार्डं शिल्लक असतील असं नाही, आणि ते उघडं पण दिवसातून काही तासच असतं, त्यामुळे तालुक्याच्या पोस्टात गेलात की पन्नास-साठ एकदम घेऊन या. पंचवीस-तीस रुपयांत वर्षभराची सोय.

किती दिवसांत पोचतं?

मुंबई-पुण्याहून कोकणात आम्ही आठ-दहा दिवस धरतो, कधी चार दिवसांत पण येतं. पिनकोड नीट लिहा, हे मी सगळ्यांना हात जोडून सांगते. आपल्याकडे एकाच नावाची गावं आणि वाड्या ढिगाने आहेत, नुसतं गाव आणि तालुका लिहून कार्ड भलतीकडे फिरून येतं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी, पोस्टातले मोठे अधिकारी आणि शिवाय संस्कृतचे पंडित. पहिला आकडा ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या भागातलं. रत्नागिरी शहर ४१५६१२, मालवण ४१६६०६, सावंतवाडी ४१६५१०, अलिबाग ४०२२०१. आपल्या गावाचा वेगळा असतो, आधी विचारून घ्या.

लिहायला बसलं की काही सुचतच नाही. काय लिहायचं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. लोकांना वाटतं पत्र म्हणजे काहीतरी भारी विचार मांडायचे. अजिबात नाही. आत्ता बसल्या जागेवरून काय दिसतंय ते लिहा, घरात आज काय शिजलंय ते लिहा, कोणाचं काय दुखतंय ते लिहा. मागच्या वर्षी मी मामाला टाकलेलं कार्ड असं होतं:

॥ श्री ॥
ती. मामांस, सा. न. वि. वि.
पत्रास कारण की मागच्या दारचा रायवळ यंदा भरपूर धरलाय, तुम्ही लहानपणी ज्या फांदीवरून पडलात तीच सगळ्यात जास्त वाकलीय. फणस तीन उतरवले, दोन बरके निघाले. विहिरीला पाणी आहे. आईचा गुडघा तसाच आहे पण सकाळी ती परसात फिरते. मिरगाला या, मामींना आणा, कोंबडा पाळून ठेवलाय. येताना जास्त सामान आणू नका. कळावे, लोभ असावा.
ता. क. चष्म्याचा नंबर काढून घेतलात का?

बस. एवढंच कार्डात मावतं आणि एवढंच लागतं. मामा ते खिशात घालून आला होता.

मायना वगैरे आठवत नाही. चुकलं तर?

चुकलं तर कोणी परत पाठवत नाही. तरी विचारताय म्हणून सांगते. आई-वडिलांना तीर्थरूप, बाकीच्या मोठ्यांना तीर्थस्वरूप, दोन्हीचं लिहिताना ती. च होतं त्यामुळे टेन्शन नाही. सा. न. वि. वि. म्हणजे मोठ्यांना साष्टांग नमस्कार विनंती विशेष, बरोबरीच्यांना तेच सप्रेम नमस्कार होतं. लहानांना चि. आणि शेवटी अनेक उत्तम आशीर्वाद. मित्रमैत्रिणींना सरळ प्रिय. नवरा गेलेल्या बाईच्या नावाआधी गं. भा. लिहायची जुनी रीत होती, ती मी पाळत नाही आणि तुम्हीही पाळू नका, बाईला टपाल उघडायच्या आधी तिचं दुःख आठवून देण्यात काही अर्थ नाही. श्रीमती लिहा.

एक जुनी खूण मात्र लक्षात ठेवा. पूर्वी कार्डाचा कोपरा फाडलेला असला की मरणाची बातमी, ते कार्ड वाचून बाहेरच्या बाहेर फाडून टाकायचे, घरात आणायचे नाहीत. आमचं एक बोलावणं कुठेतरी वाटेत कोपरा चुरगळून फाटलेलं पोचलं आणि ऐंशीच्या पुढच्या एका काकींनी ते उलटून वाचायच्या आधीच रडायला सुरुवात केली. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून आम्ही प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावतो, शुभकार्याच्या पत्रिकेला लावतात तसं, म्हणजे जुन्या माणसांना लांबूनच कळतं.

माझं अक्षर वाईट आहे आणि हाताने मराठी लिहून दहा वर्षं झाली.

लिहा तरी. वेलांटी चुकली तर चुकली. मुलीच्या अक्षरातलं "आई" आणि फोनवर टाइप झालेलं "आई" यात आईला फरक कळतो. बॉलपेन वापरा फक्त, जेलपेनची शाई आपल्या दमट हवेत फुटते आणि जूनमध्ये पोस्टमनच्या पिशवीत चार थेंब गेले की पत्ता वाहून जातो.

आमच्या आजीला वाचता येत नाही, तिला कशाला पाठवू?

तिलाच आधी पाठवा. आपल्या गावांत पत्र हे बहुतेक वेळा मोठ्याने वाचायचीच गोष्ट होती. मुलगा गिरणीत, बायको गावी, तिला अक्षर ओळख नाही, मग पोस्टमन ओटीवर बसून वाचून दाखवायचा, पाणी-गूळ घ्यायचा आणि उत्तर पण तोच लिहून न्यायचा. मनीऑर्डर आली की तिच्या खालच्या कुपनवर चार ओळींची जागा असायची, पैशापेक्षा त्या चार ओळी आधी विचारल्या जायच्या. (ती कागदी मनीऑर्डर २०१५ मध्ये गेली, पैसे आता इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जातात, कुपन नाही.) शेजारच्या पोराला आजीचं पत्र वाचायला बसवा. पोरगं मराठी वाचायला शिकतं, आजीला ऐकायला मिळतं, आणि वाचताना मध्येच थांबून ती जे सांगते ते तर कोणत्याच पत्रात नसतं.

मुलं गावी कंटाळतात. त्यांना तिथे महिनाभर काय करायला लावता?

करायला लावलं की कंटाळतातच, हातात काम दिलं की नाही कंटाळत. आमच्याकडे साठ (आंब्याची पोळी) घालणं हे पोरांचं खातं आहे. रायवळाचा रस गाळायचा, थोडी साखर, ताटाला तुपाचा हात लावायचा, पातळ थर पसरायचा, वरून पातळ कापड बांधून उन्हात. दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा थर. असे चार-पाच थर झाले की सोडवून उलटायचं. रोज संध्याकाळी "सुकलं का" म्हणून बोट लावून बघायला अख्खी वानरसेना हजर असते आणि ताटाच्या कडा रोज थोड्या कमी होतात, त्याचं काही नाही. रातांबे फोडून सालं मीठ घालून त्यांच्याच रसात बुडवायची आणि वाळवायची, परत बुडवायची परत वाळवायची, साधारण सात वेळा, तेव्हा आमसूल होतं. आठळ्या चुलीत भाजायच्या. काजूच्या बिया भाजताना मात्र मोठं माणूस हवंच, सालीतलं तेल उडतं आणि कातडी सोलून निघते.

दुपारी पत्ते, संध्याकाळी लगोरी, सूरपारंब्या. रात्री खळ्यात चटया टाकून झोपायचं. मे महिन्यात नऊ-दहाच्या सुमाराला चित्रा आणि स्वाती वर असतात, सप्तर्षी उत्तरेला, आणि आग्नेयेकडून वृश्चिकाचा विंचू वर सरकत येतो. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं की मिरग आला तर आकाशात मृग दाखव. मी सांगितलं की तो मिरगात कधीच दिसत नाही कारण सूर्य तिथेच जाऊन बसलेला असतो, दिवसा डोक्यावरून जातो तो. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली म्हणजे तो आत्ता आपल्या खाली आहे. आणि मेच्या शेवटी, पहिला वळीव पडून गेला की घाटाच्या पायथ्याच्या गावांत काजवे. त्यासाठी आम्ही एक रात्र गाडी काढून जातो, बॅटऱ्या आणि गाडीचे लाइट बंद, झाडाला हात लावायचा नाही, बरण्या न्यायच्या नाहीत.

फोन काढून घेता का?

नाही. फोन माणसाला लागतो, कोणाचं घरी आजारी असतं. जेवणाच्या पंगतीत आणि रात्री खळ्यात तो आत ठेवा एवढं सांगतो. आमच्या वाडीत रेंज फक्त विहिरीपाशी येते, तेही मदतीचं आहे.

मिरगाच्या दिवशी नक्की काय असतं?

सकाळी बियाण्याची पूजा, अवजारं धुऊन ठेवणं. राखण देणं हे ज्याच्या त्याच्या गावच्या रिवाजाप्रमाणे, कुठे नारळ, कुठे कोंबडा, तो राखणदाराचा, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचा मान असतो, त्यामुळे बाहेरून आलेल्यांनी हे हौस म्हणून करू नये, गावकरांना (गावच्या मानकऱ्यांना) विचारावं आणि बोलावलं तर हात जोडून उभं राहावं. मग घरोघरी कोंबडी आणि वडे. शाकाहाऱ्यांसाठी काळ्या वाटाण्याची उसळ आणि तेच वडे, मला स्वतःला ती जोडी जास्त आवडते. संध्याकाळी पोरं ओल्या मातीत मिरगाचे किडे शोधतात, ते लाल मखमलीचे असतात ना ते, हातावर घेऊन परत सोडायचे. आणि पाऊस झालाच तर सगळे बाहेर, लहान मोठे सगळे.

मच्छीमार घरांना आम्ही मुद्दाम मिरगाचं कार्ड देतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या, माणसं घरी. एरवी वर्षभर त्यांना कुठे जायला जमत नाही.

गोव्यातला सांजाव म्हणजे हेच का?

तारखेने तो खऱ्या मिडसमरच्या जवळ आहे. २४ जून, संत जॉन बाप्तिस्ताचा दिवस. डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून पुरुष भरलेल्या विहिरीत उड्या मारतात, नव्या जावयाचा मान असतो, शिवोलीला सजवलेल्या होड्या निघतात. युरोपातला सण आपल्या पावसात येऊन विहिरीत उतरला, मला हे फारच आवडतं. वेंगुर्ला-सावंतवाडीकडच्यांनी जाऊन बघावा, त्यात सगळं आहे जे आम्ही इथे करू बघतोय.

हे सगळं जुनं आठवून गळा काढणं नाही का? पूर्वी काय सगळं छान होतं?

नव्हतं. माझ्या आठवणीतला मे महिना जेवढा सुंदर आहे तेवढा माझ्या आईच्या आठवणीतला नाही. घरात पंचवीस माणसं, चुलीचा धूर, विहिरीचं पाणी, पहाटे चारपासून रात्री अकरापर्यंत ती आणि काकू स्वयंपाकघरात. आम्ही खळ्यात तारे बघायचो तेव्हा त्या भांडी घासत होत्या. तिने मला सांगितलं की लग्नानंतर अठरा वर्षं ती मे महिन्यात एकदाही समुद्रावर गेली नाही, आणि समुद्र वीस मिनिटांवर.

त्यामुळे आमच्याकडे हा एक नियम पक्का आहे. कार्डावरच लिहिलेलं असतं की आलेला प्रत्येक पुरुष एक दिवस चुलीपाशी असेल. वडे पुरुष थापतात आणि तळतात, पहिल्या वर्षी जाडे झाले, आता चांगले फुगतात. संध्याकाळी पाच ते सात बायका समुद्रावर, त्या वेळात घरात कोणाला चहा हवा असेल तर त्याने करून घ्यावा. ज्या घरात हे जमणार नसेल त्यांनी मे महिना परत सुरू करायच्या भानगडीत पडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पण एकदा मेलेली गोष्ट अशी परत जिवंत होते का?

सावंतवाडीची गंजिफा बघा. हाताने रंगवलेले गोल पत्ते, दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे बारा-बारा असे १२० पत्ते. जवळपास संपलेली कला होती, जाणता कारागीर वयाने थकलेला, तेव्हा १९७० च्या दशकात तिथल्या राजघराण्याने ती शिकून घेतली, राजवाड्यात चित्रकार बसवले, आणि आज पण तुम्ही दरबार हॉलमध्ये जाऊन रंगवताना बघू शकता. आमच्याकडे एक संच आहे, दुपारी तो निघतो. खेळायला कठीण आहे, पण पत्ते नुसते हातात धरले तरी पोरं शांत होतात.

आम्हाला गावच नाही. शहरात फ्लॅट आहे. मग?

गच्ची आहे ना? चटई, कलिंगड, कोकम सरबत, आणि बिल्डिंगमधल्या चार घरांना दाराखालून सरकवलेली कार्डं. डोंबिवलीच्या एका कुटुंबाने असंच केलं, फक्त कार्डं पोस्टाने पाठवली, एकाच मजल्यावर राहणाऱ्यांना. पाच दिवसांनी शेजारी कार्ड घेऊन दारात उभा.

घरात जुनी पत्रं सापडली आहेत, कशी जपू?

लॅमिनेशन नको. रबरबँड काढून टाका, ते वितळून कागदाला चिकटतात, सुती दोऱ्याने सैल बांधा. स्टीलचा डबा किंवा पत्र्याची ट्रंक, जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता, नाहीतर वाळवी. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पडवीत सावलीला पसरून एकेक उलगडून बघा, कसर लागलीय का. फोटो काढून ठेवा. आणि वाचायच्या आधी जरा विचार करा की हे ज्यांनी लिहिलं त्यांना तुम्ही वाचलेलं चाललं असतं का. मी आजोबांची काही पत्रं तशीच बांधून ठेवलीत.

उत्तर आलं नाही तर?

परत लिहा, तक्रार न करता. "माझ्या पत्राला उत्तर नाही" ने सुरू होणारं पत्र कोणालाच उघडावंसं वाटत नाही. एका चुलत भावाला मी तीन वर्षं कार्ड टाकत होते, घरात जमिनीवरून भांडण झालेलं, बोलणं बंद. चौथ्या वर्षी मेच्या शेवटी आंतरदेशीय पण नाही, साधं कार्ड आलं, एकच ओळ: रातराणीचं तिकीट काढलंय, स्टँडवर कोणीतरी पाठवा. मीच गेले.

यंदा सुरू करायचं तर कधीपासून लागायचं?

पाडवा झाला की कार्डं आणून ठेवा. एप्रिलच्या मध्यापर्यंत बोलावणी पोस्टात पडली पाहिजेत, म्हणजे उत्तरं यायला वेळ मिळतो आणि लोकांना रजा टाकता येते, तिकिटं काढता येतात. एका दिवसात पाच-सहापेक्षा जास्त लिहू नका, सातव्यापासून सगळ्यांना तेच तेच लिहिलं जातं. आणखी काही विचारायचं असेल तर कार्डच टाका, उत्तर येईल, आठ-दहा दिवस धरा.